गोडा मसाला आणि गावची लायब्ररी

(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमात केलेलं भाषण. बोललो तसंच, थोडंसं नीटनेटकं करून.)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. जेवण आणि गाण्याचा कार्यक्रम यांच्या मधली वीस मिनिटं मला दिली आहेत. म्हणजे तुमचं पोट भरलेलं आहे, आणि गाणी ऐकायची असल्यामुळे तुम्ही उठून जाऊही शकत नाही. वक्त्याला यापेक्षा जास्त काय हवं? मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. सांगलीला इंजिनियरिंग केलं, पुण्यात दोन-तीन वर्षं नोकरी केली आणि २०१२ मध्ये इथे न्यू जर्सीत आलो. बोलायची सवय म्हणाल तर सोमवारच्या स्टेटस मीटिंगमध्ये दोन वाक्यं, तीही बहुतेक वेळा "अजून चालू आहे" अशा अर्थाची. म्हणून आज लिहून आणलंय. कागदात बघून वाचलं तर सांभाळून घ्या.

तुम्हाला माहीतच आहे की आजच्या तिकिटांचे आणि मागच्या टेबलांवरच्या विक्रीचे पैसे आपल्या टाउनशिपच्या पब्लिक लायब्ररीला जाणार आहेत, तिथल्या छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कोपऱ्याला. यावर कमिटीत बरीच चर्चा झाली म्हणे. मराठी माणसांची कमिटी आहे, चर्चा तर होणारच. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "दरवर्षी आपण तिकडच्या एखाद्या शाळेला देतो, दवाखान्याला देतो. अमेरिकेच्या लायब्ररीला आपण काय द्यायचं? ती तर सरकारी आहे, टॅक्स भरतोच की आपण!"

काकांचा प्रश्न रास्त आहे. मलाही चार वर्षांपूर्वी हाच पडला असता. उत्तर म्हणून मी आमच्या घरात घडलेली गोष्ट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

माझी बायको गोडा मसाला फार चांगला करते. हे मी नवरा म्हणून म्हणत नाही, तुमच्यापैकी अर्ध्या लोकांच्या घरात तिची पाकिटं आहेत. कृती तिच्या आईची. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, सगळं वेगवेगळं भाजायचं, आणि त्या दिवशी आमच्या अपार्टमेंटचा स्मोक अलार्म किमान दोनदा वाजणार. ती इथे एच-४ व्हिसावर आली. तेव्हा तिला नोकरी-धंदा करायची परवानगीच नव्हती. २०१५ पासून ज्यांच्या नवरा-बायकोचं ग्रीन कार्डाचं काम पुढे सरकलंय अशा काही एच-४ वाल्यांना ईएडी मिळायला लागलं, आमचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी लागला. तोवर तिच्या एम. कॉम.ला गंज चढला होता, हा तिचाच शब्द. मुलगी शाळेत जायला लागल्यावर ती म्हणाली, "मी मसाला विकते."

आता गंमत बघा. घरच्या स्वयंपाकघरात केलेलं खाणं विकायला न्यू जर्सीत परवानगीच नव्हती. बाकीच्या सगळ्या राज्यांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात ती दिली होती, आपलं राज्य शेवटचं. ४ ऑक्टोबर २०२१ पासून नियम बदलला. आता परमिट मिळतं, आम्ही काढलं तेव्हा दोन वर्षांचे १०० डॉलर. फ्रिजमध्ये ठेवावे लागत नाहीत असे पदार्थ चालतात, त्यात कोरडे मसाले आले. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत विक्री करता येते. स्वच्छतेची एक परीक्षा द्यावी लागते. हे मी आज घडाघडा सांगतोय, पण २०२२ मध्ये आम्हाला यातलं निम्मं माहीत नव्हतं आणि उरलेलं निम्मं चुकीचं माहीत होतं.

मी इंजिनियर. मी म्हटलं, त्यात काय एवढं, गूगल करतो. तीन रात्री बसलो. कुठेतरी वाचलं की धंद्याला ईआयएन नावाचा टॅक्स नंबर लागतो. सरकारी दिसणारी एक वेबसाइट सापडली, गरुडाचं चित्र वगैरे होतं. फॉर्म भरला, २४९ डॉलर भरले, नंबर आला. मी खूश. नंतर कळलं की आयआरएस हा नंबर स्वतःच्या वेबसाइटवर फुकट देते, पंधरा मिनिटांत, आणि आमच्यासारख्या एकट्या माणसाच्या, नोकर नसलेल्या धंद्याला तो बहुतेक वेळा लागतही नाही. त्या लोकांनी माझाच फॉर्म आयआरएसकडे भरून मला २४९ डॉलरना विकला. यात बेकायदा काय आहे ते शोधायला मला लाज वाटली.

त्या वर्षी दिवाळीला, ऑक्टोबर २०२२ मध्ये, बायकोने जाहिरात म्हणून छोटी छोटी पाकिटं केली. शेजारी, ऑफिसमधले, मुलीच्या वर्गातल्या मुलांचे आईबाप, तिच्या शिक्षिका, सगळ्यांना भेट म्हणून वाटली. चाळीसेक पाकिटं असतील. वर सुंदर लेबल. मीच डिझाइन केलं होतं, वारली चित्र घातलं होतं.

लायब्ररी आमच्या आयुष्यात तोवर फक्त मुलीसाठी होती. शनिवारी सकाळी गोष्टींचा तास असायचा. मुलगी आत, आईबाप बाहेर फोनवर. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी बायकोला लेबलची पुढची आवृत्ती छापून बघायची होती. घरच्या प्रिंटरची शाई नेहमीप्रमाणे वाळलेली. लायब्ररीत पानाला दहा सेंट घेतात. तिने प्रिंट काढली, आणि पैसे द्यायला ती रेफरन्स डेस्कवर गेली. तिथे एक साठीच्या बाई बसतात. त्यांनी कागद बघितला, वारली चित्राचं कौतुक केलं, आणि विचारलं, "तीळ म्हणजे काय?"

लेबलवर आम्ही घटक लिहिले होते: धने, तीळ, खोबरं, दगडफूल. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. आपल्या गिऱ्हाइकाला कळतात ना, झालं! बायकोने सांगितलं, तीळ म्हणजे सेसमी, खोबरं म्हणजे वाळवलेला नारळ. बाईंनी खुर्ची वळवली. त्या म्हणाल्या, "मी वकील नाही, तुम्ही काय करायचं ते मी सांगू शकत नाही. पण कुठे काय लिहिलंय ते दाखवू शकते." आणि त्यांनी एफडीएचं पान उघडलं. ॲलर्जी होणाऱ्या मुख्य पदार्थांच्या यादीत तीळ हा नववा पदार्थ म्हणून घातला गेला होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कायदा झाला होता आणि १ जानेवारी २०२३ पासून तो लागू होणार होता, म्हणजे दीड-दोन महिन्यांवर. नारळ तेव्हा एफडीएच्या हिशेबात झाडावरच्या कवचफळांमध्ये, म्हणजे काजू-बदामांच्या पंगतीत होता. (तो जानेवारी २०२५ मध्ये त्या पंगतीतून उठला. नियम असे बदलत राहतात.)

बायको घरी आली ती पांढरीफटक पडूनच. कायद्याची भीती नव्हती, ती पाकिटं तर भेट दिली होती. पण ती चाळीस पाकिटं कुठे कुठे गेली होती? आम्ही यादी काढून एकेकाला फोन केले. आपले लोक हसले, "अगं, तीळ आम्ही रोज खातो." मुलीच्या वर्गातल्या एका मुलाची आई मात्र हसली नाही. तिच्या मुलाला तिळाची ॲलर्जी होती, साधीसुधी नाही, दप्तरात एपिपेन असायचं. पाकीट तिच्या ओट्यावर पडलेलं होतं, येत्या रविवारी सूपमध्ये घालून बघू म्हणून ठेवलेलं. तिने ते वाचलं होतं. वाचून तिला काहीच कळलं नव्हतं, कारण आम्ही कळेल असं लिहिलंच नव्हतं.

त्या रात्री मी माझ्या तीन रात्रींच्या गूगलचा विचार करत होतो. मी "मसाल्याचा धंदा कसा सुरू करावा" हे शोधलं होतं. "तिळाची ॲलर्जी" हे शोधलंच नव्हतं, कारण तो प्रश्न आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मशीन तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. आता तर एआयला विचारलं की अस्खलित उत्तर येतं, मी ते रोज ऑफिसात वापरतो, त्याला नावं ठेवत नाही. पण आमच्या धंद्यात ज्याला आम्ही बग म्हणतो तो नेहमी त्या ओळीत असतो जी कुणी तपासायला घेतलेली नसते. त्या बाईंनी आमचा कागद हातात घेऊन आम्ही न विचारलेला प्रश्न विचारला, पानाला दहा सेंटमध्ये.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं वेळ ठरवून त्यांच्याकडे गेलो. हो, अशी वेळ मागून घेता येते, आणि पैसे पडत नाहीत. त्या दोन तासांत काय काय मिळालं ते थोडक्यात सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी कुणाचा डान्स क्लास आहे, कुणाचं डेकेअर, कुणाचं केटरिंग, दोघांची तर मोटेल आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी राज्याचा मूळ नियमच छापून हातात दिला. तो वाचताना कळलं की घरगुती परमिटवर माल फक्त थेट गिऱ्हाइकाला विकता येतो. दुकानात ठेवता येत नाही. इकडे एका इंडियन ग्रोसरीवाल्याने शंभर पाकिटं घेतो म्हणून सांगितलं होतं, बायकोने मनात पुढचे मांडेही रचले होते. ती हिरमुसली. पण माल देऊन बसल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलं. लेबलवर एक ओळही लागते, की हा पदार्थ आरोग्य खात्याने तपासणी न केलेल्या घरच्या स्वयंपाकघरात केला आहे अशा अर्थाची. ती वाचून माझ्या सासूबाई फोनवर केवढ्या रागावल्या! "तपासणी न केलेलं म्हणजे काय? या म्हणावं तपासायला!"

दुसरी गोष्ट डेटाबेस. आज त्याचं नाव डेटा ॲक्सल, पूर्वी रेफरन्स यूएसए म्हणायचे. देशभरातल्या धंद्यांची यादी, गाव, रस्ता, धंद्याचा प्रकार, नोकर किती, अशी चाळून काढता येते. कंपनी म्हणून घ्यायला गेलात तर महाग असतं, लायब्ररीच्या कार्डावर फुकट, बऱ्याच ठिकाणी घरबसल्या. याच्यामागे कोण आहे माहीत आहे? विनोद गुप्ता, आयआयटी खरगपूरचे पदवीधर. नेब्रास्कातल्या ओमाहात ते मोबाइल होम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होते, आणि विक्रेत्यांची यादी हवी म्हणून त्यांनी देशभरातली फोनची पिवळी पुस्तकं मागवली. ती यादी करता करता १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. म्हणजे आपल्याच एका देशबांधवाने टेलिफोन डिरेक्टरीतून उभं केलेलं काम आज गावोगावच्या लायब्ररीत फुकट बघायला मिळतं, आणि आपल्याला पत्ता नाही.

माझ्या ओळखीच्या एका ताईंना डेकेअर काढायचं होतं. जागा बघून झाली होती, डिपॉझिट द्यायचं बाकी होतं. मी त्यांना बळेच लायब्ररीत नेलं. त्या यादीत दिसलं की त्या जागेच्या दोन मैलांच्या आत आधीच सात डेकेअर आहेत. पलीकडच्या गावात दोनच. त्यांनी जागा बदलली. आता त्यांच्याकडे वेटिंग लिस्ट आहे, आणि मला तिथे नातेवाइकांसाठी वशिला लावावा लागतो!

सेन्ससच्या आकड्यांचं एक सांगायचं राहिलं. आम्ही विचारलं, राज्यात मराठी बोलणारे किती, म्हणजे गिऱ्हाईक किती याचा अंदाज येईल. बाईंनी तक्ता काढला, तर त्यात आपला रकाना कोणता? "नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय आर्य भाषा." गुजरातीला स्वतंत्र रकाना, हिंदीला स्वतंत्र, आणि आपण नेपाळ्यांबरोबर एका खोलीत! पुढच्या वेळी सर्व्हेचा फॉर्म घरी आला तर फेकू नका, भाषा मराठी म्हणून भरा, एवढीच विनंती.

तिसरी गोष्ट माणूस. स्कोर नावाची संस्था आहे, १९६४ पासूनची, सरकारच्या स्मॉल बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनशी जोडलेली. निवृत्त झालेले, धंद्यात मुरलेले लोक फुकट सल्ला देतात, आणि आमच्याकडे ते लायब्ररीतल्याच खोलीत येऊन बसतात. आमच्या वाट्याला जे आजोबा आले त्यांचा जन्म खाद्यपदार्थांच्या घाऊक व्यापारात गेलेला. गोडा मसाला म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एक पाकीट तुम्हाला कितीला पडतं?" बायको म्हणाली तीन डॉलर, आम्ही पाचला विकतो. म्हणजे दोन डॉलर नफा, बरोबर ना? त्यांनी पेन्सिल काढली. एका घाण्यात चाळीस पाकिटं. सामान, पिशव्या, लेबलं मिळून १२० डॉलर. विक्री २००. उरले ८०. आणि वेळ किती लागला? निवडणं, भाजणं, दळणं, भरणं, पोचवणं धरून सोळा तास. "म्हणजे तासाला पाच डॉलर," आजोबा म्हणाले. २०२३ मध्ये न्यू जर्सीचं किमान वेतन तासाला १४ डॉलर १३ सेंट होतं. "बाई, तुम्ही स्वतःकडे नोकरीला असता तर मी लेबर खात्याकडे तुमच्याविरुद्ध तक्रार केली असती."

एम. कॉम. झालेली बायको आणि इंजिनियर नवरा, दोघं गप्प. कॉस्टिंगचा पेपर दोघांनीही आयुष्यात कधीतरी दिलेला आहे. पण आपल्या बायकांच्या स्वयंपाकघरातल्या वेळेला किंमत असते हे पुस्तकात नव्हतं, आणि घरात तर नव्हतंच. पाकिटाची किंमत नऊ डॉलर झाली. गिऱ्हाइकं थोडी गेली, तासाचा हिशेब पंधरा डॉलरवर आला. अजूनही श्रीमंत झालो नाही. दुकानात माल ठेवायचा तर लायसन्सवालं व्यावसायिक किचन भाड्याने घ्यावं लागेल, ते अजून परवडत नाही. पण हे सगळं आता आम्ही माहीत असून करतोय.

मी नंतर थोडं वाचलं, हे लायब्ररीत धंद्याचं प्रकरण आलं कुठून. आणि ते निघालं आपल्याच राज्यातलं! नेवार्कच्या पब्लिक लायब्ररीत १९०२ मध्ये जॉन कॉटन डेना नावाचे ग्रंथपाल आले. त्यांनी बघितलं की शहरात दुकानदार, विमेवाले, कारखानदार एवढे, पण लायब्ररीच्या भव्य इमारतीच्या पायऱ्या त्यातलं कुणी चढत नाही. तेव्हा त्यांनी १९०४ मध्ये भर बाजारपेठेत भाड्याच्या जागेत एक शाखा उघडली, खास धंदेवाल्यांसाठी. तिथे कादंबऱ्या नाहीत, तर गावोगावच्या डिरेक्टऱ्या, नकाशे, व्यापारी मासिकं. अमेरिकेतल्या सार्वजनिक लायब्ररीची ही पहिली व्यापारी शाखा मानतात. ती सांभाळायला सारा बॉल म्हणून एक बाई होत्या. त्या काळी, विचार करा, सिगार ओढणाऱ्या व्यापाऱ्यांना एक बाई बाजारभावाची माहिती काढून देतेय! डेना १९२९ मध्ये गेले. नेवार्क इथून गाडीने अर्ध्या तासावर. एअरपोर्टला जाताना आपण शंभर वेळा त्या गावावरून गेलोय.

मॅनहॅटनमध्ये नोकरी करणाऱ्यांसाठी एक खास टीप. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीचं कार्ड न्यू यॉर्क राज्यात राहणाऱ्यालाच नाही, तिथे काम करणाऱ्यालाही मिळतं. म्हणजे रोज पाथ ट्रेनमध्ये लोंबकळणारे आपण सगळे. १९९६ मध्ये मॅडिसन ॲव्हेन्यूवर त्यांनी विज्ञान-उद्योग-व्यापाराची वेगळी लायब्ररी काढली होती. ती २०२० मध्ये बंद झाली आणि तिचं काम फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या स्टाव्रोस निआर्कोस लायब्ररीतल्या बिझनेस सेंटरमध्ये गेलं, सिंहांच्या पुतळ्यांच्या मुख्य इमारतीपासून दोन पावलांवर. ब्रुकलिनवाले तर २००३ पासून धंद्याच्या आराखड्यांची स्पर्धा घेतात, पॉवरअप नावाची, आणि जिंकणाऱ्याला भांडवल देतात.

आता काकांचा प्रश्न. टॅक्स भरतोच की. किती भरतो? न्यू जर्सीचा नियम असा की ज्या गावाची स्वतःची म्युनिसिपल लायब्ररी आहे त्याने घरांच्या बाजारभावाने ठरवलेल्या किमतीवर किमान एक तृतीयांश मिल द्यायचा. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. सोप्या भाषेत, घराच्या किमतीच्या दर हजार डॉलरमागे तेहतीस सेंट. पाच लाखांचं घर असेल तर वर्षाला साधारण १६७ डॉलर. यातून इमारतीचं वीजबिल, पगार, मुलांची पुस्तकं, सगळं चालतं. मी त्या एका वेबसाइटला एका रात्रीत याच्या दीडपट पैसे दिले होते!

पण त्या पैशात डेटाबेसची वर्गणी बसेलच असं नाही. काही सोयी राज्याच्या लायब्ररीमार्फत येतात, आणि त्यातला काही पैसा वॉशिंग्टनहून. १४ मार्च २०२५ ला अध्यक्षांचा आदेश निघाला, देशभरच्या लायब्रऱ्यांना आणि म्युझियमना पैसे देणारी फेडरल संस्था कायद्याने शक्य तितकी गुंडाळा म्हणून. न्यू जर्सीसह अनेक राज्यं कोर्टात गेली, नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल राज्यांच्या बाजूने लागला. पण त्या आठ महिन्यांत आमच्या डेस्कवरच्या बाई दर भेटीत सांगायच्या, "हे आत्ता वापरून घ्या, पुढच्या वर्षी असेल का ठाऊक नाही." म्हणून मी कमिटीकडे हा विषय नेला. आपल्या निधीतून तिथल्या कोपऱ्यासाठी वर्गणी आणि संध्याकाळचे वर्ग असं ठरलं आहे. खात्यांचा हिशेब कसा ठेवायचा, लेबल कसं करायचं, असे वर्ग. त्यात दर महिन्याला एक वर्ग असा, जिथे आपल्यापैकी कुणीतरी मराठी-हिंदीत समजावून सांगायला बसेल. नावं द्यायची यादी दाराशी आहे.

आणि तिकडचं? मी साताऱ्याकडचा. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आजोबा रोज संध्याकाळी पेपर वाचायला जायचे, दिवाळी अंकांसाठी आई नंबर लावायची. महाराष्ट्राचा ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा, अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग, आमचं बहुधा कायम ड मध्ये. त्या वाचनालयाचं माझ्यावर ऋण आहेच, आणि पुढच्या वर्षी मंडळाने तिकडच्या एखाद्या वाचनालयाला द्यावं असा ठराव मीच मांडणार आहे, काकांनी अनुमोदन द्यावं. पण खरं सांगू? त्या वाचनालयामुळेच माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लायब्ररी म्हणजे कादंबरी, पेपर आणि शांतता राखा. गावातला किराणावाला, शिंपी, पिठाची गिरणी चालवणारा, यांच्यापैकी कुणी काही विचारायला तिथे आलेला मी कधी पाहिला नाही. आणि तसाच मी इथे दहा वर्षं लायब्ररीच्या दारात फोन बघत उभा राहिलो.

आपल्याला विचारायची लाज वाटते. इंग्रजी चुकेल, अडाणी ठरू, व्हिसा विचारतील. आमच्या लायब्ररीत कार्ड काढताना फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा विचारला, व्हिसाचं नावही काढलं नाही. तुम्ही काय शोधताय हे त्या कुणाला सांगत नाहीत, हा त्यांच्या पेशाचा नियम आहे. जाताना फक्त तयार उत्तर मागू नका, आपला कागद घेऊन जा: लेबल, भाड्याचा करार, सरकारकडून आलंय असं वाटणारं एखादं बिल. विशेषतः ते बिल. धंदा नोंदवला की महिन्याभरात अशी पत्रं यायला लागतात, भिंतीवर लावायचा अमुक तक्ता घ्या, तमुक सर्टिफिकेट घ्या, लगेच पैसे भरा. आम्हाला तीन आली. तिन्ही मी डेस्कवर नेली. एकही सरकारी नव्हतं.

वीस मिनिटं संपलीच असतील, तबलेवाले माझ्याकडे बघताहेत. एकच सांगतो. त्या बाईंना मी आज आमंत्रण दिलं होतं आणि त्या आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत, निळा स्वेटर. मी काय बोलतोय ते त्यांना अजिबात कळलेलं नाही, तरी मघापासून प्रेमाने हसताहेत. मराठीतला एकच शब्द त्यांना येतो, तो तुम्हाला आता माहीत आहे. मध्यंतरात त्यांना भेटा, प्रश्न विचारा, कार्डाचे फॉर्म त्यांनी बरोबर आणले आहेत.

आणि मागच्या टेबलावर मसाल्याची पाकिटं आहेत, नऊ डॉलर, सगळे निधीला. घेण्याआधी लेबल वाचा.